आभाळाचा गोळा आणि साळवेबाई

परवा परभणीहून आमच्या जुन्या शाळेतल्या लिपिकाचा फोन आला. म्हणाला, "बिचाऱ्या साळवेबाई गेल्या." ऐकून मी फोन ठेवला. आणि लगेच मनात आलं, बाई असत्या तर या माणसाची खैर नव्हती. त्यांना कोणी 'बिचारी' म्हटलेलं खपत नसे. एकदा स्टाफरूममध्ये एका नव्या शिक्षिकेच्या तोंडून हा शब्द गेला, तर बाईंनी हातातला खडू खाली ठेवला आणि विचारलं, "बिचारी कामून? मी काय कोणाच्या दारात उभी हाय का?" ती पोरगी पुढे वर्षभर त्यांच्याशी जपून बोलायची.

राग धरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. बहुतेकांचा राग फार टिकत नाही. एखादं लग्न निघतं, एखादी मयत होते, दिवाळीचं ताट येतं, आणि तो विरून जातो. साळवेबाईंचा राग विरत नसे. आरडाओरडा नाही, शिव्याशाप नाहीत, रडणं तर नाहीच. त्या तो घासूनपुसून जागच्या जागी ठेवत आणि वेळ आली की बरोबर काढत. त्यातही त्यांचा एक कटाक्ष होता. जे काही करायचं ते नियमात बसलं पाहिजे. "नियमात असलं की त्याला सूड म्हणत न्हाईत," असं त्या अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगत.

उंच, सावळ्या, सडपातळ. कडक इस्त्रीची सुती साडी, घट्ट अंबाडा, तोंडात कायम एक लवंग. परभणीच्या आमच्या शाळेत त्या भूगोल शिकवत आणि मी मराठी. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. सगळं जग मला मंदा म्हणायचं, त्या मात्र पूर्ण 'मंदाकिनी' म्हणत. कोणाचंही नाव तोडायचं नाही हा त्यांचा दंडक. आमची घरं शेजारच्या गल्लीत, त्यामुळे शाळा सुटली की दोघी बरोबर चालत यायचो. मी कधी कोणाची बाजू घेऊन "जाऊ द्या हो बाई" म्हटलं, की त्या थांबायच्या. "ज्याचं काही जात न्हाई तोच 'जाऊ द्या' म्हणतो," म्हणायच्या, आणि पुन्हा चालू लागायच्या.

एका एसटी कंडक्टरची गोष्ट त्या स्वतः रंगवून सांगत. सेलूकडं जाताना वालूरच्या फाट्यावर बाईंनी हात केला, गाडी थांबली, बाई पळत दारापर्यंत पोचल्या आणि त्या बाबानं घंटी मारली. वर हसला. बाई भर उन्हात पुढच्या गाडीची वाट बघत उभ्या राहिल्या. झालं ते झालं. पुढे निवडणूक आली आणि बाईंना ड्यूटी लागली ती नेमकी त्या कंडक्टरच्या गावात. यादी बघून नाव पुकारायचं, ओळख तपासायची, हे काम बाईंकडं. हा रांगेतून पुढे आला तो हात हलवत.

"ओळखपत्र?"

"घरी राहिलं बाई. तुमी ओळखता की मला!"

"ओळखते ना. लय चांगलं ओळखते. पण इथं ओळख चालत न्हाई, ओळखपत्र लागतं."

त्याचं घर गावात नव्हतं, लांब शेतातल्या आखाड्यावर होतं. बिचारा, म्हणजे तो, उन्हातान्हात चालत गेला आणि घामानं निथळत परत आला. बाईंनी ओळखपत्र उलटंपालटं करून नीट बघितलं, बोटाला शाई लावायला पुढे पाठवलं आणि जाता जाता विचारलं, "गाडी न्हाई का मिळाली?"

दुसरी गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडली. आमचे एक उपमुख्याध्यापक होते. बाई शाळेत नव्यानं रुजू झाल्या तेव्हा या गृहस्थांनी शिपायाला हळूच सांगून पाण्याच्या टेबलावर बाईंसाठी एक वेगळा ग्लास ठेवायला लावला होता. कोणी बोललं नाही. बाईही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्या घरून पाण्याची बाटली आणू लागल्या, इतकंच. पुढे टेबलावरचा तो ग्लास नाहीसा झाला, काळ बदलला, उपमुख्याध्यापक समतेवर भाषणं करू लागले. शेवटी ते निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात कोणी शाल दिली, कोणी घड्याळ दिलं. बाईंनी एक छोटा खोका दिला आणि सगळ्यांसमोर उघडायला लावला. आत स्टीलचा एक ग्लास होता. त्यावर सरांचं पूर्ण नाव कोरलेलं.

"एकच आणलाय सर," बाई माईकवर म्हणाल्या. "वेगळा ठेवायला सोपा जातो."

सरांचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. मागच्या रांगेत कोणीतरी टाळी वाजवली आणि मग घाबरून थांबलं.

या सगळ्या किरकोळ वसुल्या होत्या. मुद्दल वेगळंच होतं. ते मला कळलं तो दिवस असा की आमच्या शाळेत नवा पृथ्वीगोल आला होता, आत दिवा लागणारा. सगळे जण त्याला फिरवून बघत होते, आपापली गावं शोधत होते. बाई भूगोलाच्या शिक्षिका, पण त्या तिथून उठून व्हरांड्यात गेल्या. घरी येताना मी विचारलं, तेव्हा वाटेवरच्या कडुनिंबाखाली थांबून त्यांनी सांगितलं.

सेलू-वालूर रस्त्यावरच्या त्यांच्या गावी, शाळेत, निजामाच्या काळातले दोन गोळे होते. एक जमिनीचा, एक आभाळाचा. गावात त्यांना असंच म्हणत. दोन्ही मोठ्या घागरीएवढे, चार पायांच्या लाकडी घोडीत बसवलेले. कमरेला लाकडाची रुंद कडी, आणि वरून खाली गोळ्याला धरून असलेली पितळेची. कागदावर रोगण चढवलेलं, ते जुनं होऊन गुळाच्या पाकासारखं पिवळं पडलेलं. जमिनीच्या गोळ्यावर परभणी नव्हतीच, हैदराबाद मात्र ठळक होतं. आभाळाच्या गोळ्यावर विंचू, अस्वलं, धनुष्य ओढणारा माणूस, खुर्चीत बसलेली राणी, आणि प्रत्येकाच्या अंगावर तारे. छापील नावं इंग्रजीत होती आणि त्यांच्या शेजारी कोणा जुन्या मास्तरानं काळ्या शाईनं उर्दूत नावं लिहिली होती.

बाईंचे वडील किसनराव, त्यांना घरात सगळे दादा म्हणत, त्या शाळेत शिपाई होते. नकाशांची खोली त्यांच्याकडं. रविवारी खोली झाडायला जाताना ते लेकीला बरोबर न्यायचे. आधी तिला हात धुवायला लावायचे आणि मग स्टुलावर उभं करायचे.

"मला आभाळाचाच आवडायचा," बाई म्हणाल्या. "त्यावर सगळं उलटं असतं, तुला माहीत हाय का मंदाकिनी? आपण खालून बघतो ते डावीकडचं तिथं उजवीकडं. कारण की तिथं माणूस आभाळाच्या बाहेर उभा राहून बघायलाय. मला हे समजलं त्या दिवशी मी जेवलेच न्हाई. इतका आनंद झालता."

गावात भाऊसाहेब नावाचं बडं प्रस्थ होतं. शाळा समितीचे अध्यक्ष तेच. त्यांना जुन्या वस्तूंचा शौक. तलवारी, पानदानं, झुंबरं. एकदा त्यांच्याकडं हैदराबादचे पाहुणे यायचे होते. त्यांनी दादांना बोलावलं आणि हुकूम केला, आभाळाचा गोळा आमच्याकडं आणून ठेव, चार दिवस पाहुण्यांना दाखवू. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. अध्यक्षांना चिठ्ठी मागणार कोण? दादांनी तो गोळा घोडीसकट डोक्यावर घेतला आणि भर दुपारी गावातून चालत नेऊन त्यांच्या दिवाणखान्यात ठेवला.

"अख्ख्या गावानं बघितलं," बाई म्हणाल्या. "आणि नंतर कोणीच बघितलेलं नव्हतं."

चार दिवस गेले, महिने गेले. मग शाळेची तपासणी आली. आभाळाचा गोळा कुठाय म्हणून तपासणीच्या साहेबांनी विचारलं. दादांनी खरं ते सांगितलं. भाऊसाहेब म्हणाले, "मला काय करायचाय पोरासोरांचा गोळा?" त्यांच्या घरात शिरून बघायची कोणाची छाती नव्हती. झडती झाली ती किसन साळवेच्या घराची. कणगी उलटी केली, ज्वारी अंगणात सांडली, वाकळा उसवल्या. घागरीएवढा गोळा वाकळेत कसा मावेल हे कोणी विचारलं नाही. मग शाळेच्या ओट्यावर पंच बसले आणि दादांना समोर उन्हात उभं केलं. बाई तेव्हा नववीत होत्या, वर्गाच्या खिडकीतून बघत होत्या. नोकरी गेली. 'गोळाचोर' हे नाव राहिलं, ते बापाबरोबर लेकीलाही चिकटलं. ती वर्गात शिरली की पोरं ओंजळीत गोल काहीतरी लपवल्याची नक्कल करायची.

दादा सेलूच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करू लागले. लेकीला त्यांनी शिकवलं. पण उन्हाळ्यात सगळं गाव अंगणात बाजा टाकून झोपायचं तेव्हा हा माणूस आत, पत्र्याखाली, घामाघूम होऊन झोपायचा. "आभाळाखाली झोपलेच न्हाईत परत," एवढं बोलून बाई चालायला लागल्या. त्या कडुनिंबाखाली मला वाटलं होतं त्या रडतील. छे. त्यांनी नवी लवंग तोंडात टाकली.

"आणि जमिनीचा गोळा?" मी मागून विचारलं.

"त्याला वाळवी लागली. शाळेच्या नव्या खोल्या बांधल्या तवा फेकून दिला. चोरी झाली म्हणून एकाची नोकरी गेली, सडला म्हणून कोणाची गेली न्हाई."

भाऊसाहेब पुढे फार मोठे झाले. परभणीला आले, संस्था काढली, शाळा काढल्या, कॉलेज काढलं. हारतुरे, सत्कार, गौरवग्रंथ. त्यांचं नाव निघालं की बाई शांतपणे ऐकत. "जगू दे. लय जगू दे," म्हणत. ते आशीर्वाद दिल्यासारखं वाटे, पण तसं नव्हतं.

बाई निवृत्त झाल्या, दहाएक वर्षांनी मीही झाले. मग एके सकाळी बाई माझ्या दारात उभ्या. हातात रंगीत निमंत्रणपत्रिका. भाऊसाहेबांच्या नव्वदीनिमित्त त्यांचे चिरंजीव राजाभाऊ यांनी वसमत रस्त्यावरच्या कॉलेजात घराण्याच्या जुन्या वस्तूंचं दालन उभारलं होतं. पत्रिकेवर मोठा फोटो होता आणि खाली ओळ होती, 'निजामाच्या दरबाराकडून आमच्या घराण्यास मिळालेला मानाचा खगोल'.

"बघ मंदाकिनी," बाई म्हणाल्या.  "चोरानं पत्रिका छापली."

फोटोत लाकडी घोडीच्या पुढच्या पट्टीवर उर्दू अक्षरं स्पष्ट दिसत होती. राजाभाऊंना उर्दू येत नव्हतं. त्यांना तो दरबारी मानाचा मजकूर वाटला असणार, म्हणून मुद्दाम त्या बाजूनं फोटो काढलेला. बाईंनाही उर्दू वाचता येत नव्हतं, पण दादांना येत होतं. त्यांची शाळा निजामाच्या राज्यात झालेली. ती ओळ त्यांनी लेकीला स्टुलावर उभं करून कितीदा तरी वाचून दाखवली होती.

समारंभाला आम्ही दोघी गेलो. बाई पांढरीशुभ्र साडी नेसून आल्या होत्या. हॉल भरलेला. भाऊसाहेब चाकाच्या खुर्चीत, अंगावर शाल, नजर अधू झालेली, कान आणि डोकं मात्र शाबूत. गावाकडचीही पुष्कळ मंडळी आलेली. प्रमुख पाहुण्यांनी फीत कापली, भाषणं झाली, राजाभाऊंनी गोळ्याचा इतिहास सांगितला. आजोबा, दरबार, अत्तर, सगळं. मग म्हणाले, "कोणाला दोन शब्द बोलायचे असतील तर या." अशा वेळी कोणी जात नसतं. बाई उठल्या.

माईक हातात घेऊन त्या एवढंच म्हणाल्या, "इथं उर्दू वाचणारं कोणी हाय का? ह्या पट्टीवर काय मानाचं लिहिलंय ते सगळ्यांना ऐकू द्या की."

पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायला कॉलेजातल्या मुली उभ्या होत्या. त्यातली एक हिजाब घातलेली पोरगी कौतुकानं पुढे आली. तिला वाटलं आपल्याला मान मिळतोय. तिनं वाकून, अक्षर अक्षर लावत, खणखणीत आवाजात वाचलं, "मिल्कियत मदरसा वस्तानिया." पुढे गावाचं नाव. आणि मग, "मदरसे के बाहर ले जाना मना है."

वस्तू शाळेच्या मालकीची, शाळेबाहेर न्यायला मनाई, एवढं हिंदी-उर्दू परभणीच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पुढच्या रांगेतल्या माना भाऊसाहेबांकडं वळल्या. ती पोरगी गोंधळून इकडंतिकडं बघू लागली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवून तिला खाली बसवलं. मग त्यांनी सांगितलं. गोळा कुणी नेला, कुणाच्या डोक्यावरून नेला, झडती कुणाची झाली, ओट्यावर कोण उभं राहिलं. एकही शब्द जास्तीचा नाही. शेवटी म्हणाल्या, "माझ्या बापाचं नाव किसन साळवे. तो चोर न्हवता. चोर तिथं शाल घेऊन बसलाय."

मला वाटलं, झालं. सगळं झालं. बाईंचं आयुष्य फळाला आलं.

पण भाऊसाहेब म्हणजे मुरलेला माणूस. त्यांनी हात करून माईक मागवला.  मग दोन्ही हात जोडले आणि थरथरत्या आवाजात म्हणाले, "बाई म्हणायल्यात ते खरं हाय. माझ्याकडून लय मोठी चूक झाली. मी किसनरावांची, तुमची, सगळ्या समाजाची माफी मागतो." डोळ्यांतून पाणी. "हा गोळा तुमचाच समजा, बाई. हे दालन तुमचंच समजा. कधीही या, इथं बसा. तुमाला कोणी अडवणार न्हाई."

आणि टाळ्या! अहो, काय टाळ्या. पाहुणे उभे राहिले, मागोमाग हॉल उभा राहिला. बायका डोळे पुसत होत्या. गावाकडची तीच माणसं, ज्यांच्या बापांनी झडतीच्या दिवशी दारं लावून घेतली होती, ती भाऊसाहेबांच्या पाया पडत होती. बाई बाजूला उभ्याच्या उभ्या. त्यांच्याकडं कोणी बघतही नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मथळा आला, 'भाऊसाहेबांच्या मनाचा मोठेपणा'. किसनरावांचं नाव पार खाली, तेही चुकीचं छापलेलं.

 परतताना घराच्या दाराशी रिक्षातून उतरल्यावर बाई म्हणाल्या, "त्यानं माझा बाप दुसऱ्यांदा खाल्ला."

दोन दिवस त्यांनी दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी मी भीतभीत गेले तर बाई न्हाऊनधुऊन, डबा भरून बाहेर पडायच्या तयारीत. हातात घडीची खुर्ची. पेपरातलं ते कात्रण त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून घेतलं होतं.

"कुठं निघालात?"

"दालनात. त्यांनी बोलावलंय ना? कधीही या, इथं बसा. पेपरात छापलंय."

आणि त्या खरंच बसल्या. रोज. दालन उघडलं की बाई आत, गोळ्याशेजारी खुर्ची टाकून. कोणी बघायला आलं की उठून उभ्या राहायच्या, शिक्षिकाच ती, आणि गोड आवाजात सुरुवात करायच्या. हा आभाळाचा गोळा. हे तारे उलटे का? हा विंचू बघा, ही राणी बघा. माणसं रंगून जायची. मग त्याच आवाजात, "आणि हा चोरीचा हाय. चोरणाऱ्याचा फोटो तिकडं भिंतीवर लावलाय, हार घातलेला." पुढे सगळी हकीकत. झडती, ओटा, वाकळ. शाळांच्या सहली यायच्या, लग्नाला आलेले पाहुणे यायचे, संस्थेला मान्यता द्यायला आलेली समितीसुद्धा एकदा आली. समितीलाही बाईंनी सोडलं नाही.

राजाभाऊंनी खटपट करून पाहिली. आधी गोळ्याखालची पाटी बदलली आणि 'शाळेकडून प्राप्त' असं लिहिलं. बाई आल्यागेल्याला ती पाटी दाखवायच्या. "प्राप्त! शब्द बघा कसा निवडलाय. माझ्या मैत्रिणीला विचारा, ती मराठी शिकवायची." मग त्यांनी दालनाला कुलूप लावलं. बाई पायरीवर बसल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कात्रण दाखवू लागल्या. भाऊसाहेबांच्या मोठेपणाची बातमी, भाऊसाहेबांच्याच दारात. कॉलेजातली पोरं घोळका करून उभी राहायची. कुलूप काढावं लागलं.

एकदा मी त्यांच्यासोबत होते तेव्हा खुद्द भाऊसाहेब आले. खुर्ची ढकलणारा माणूस त्यांना गोळ्याजवळ सोडून चहा प्यायला गेला. म्हातारा फार खंगला होता.

"बाई, किती दिवस चालवणार हे?"

"तुमीच बोलावलंत."

"मी चारचौघांत माफी मागितली तुमची."

"मागितली. मी दिली कुठं?"

भाऊसाहेबांनी शाल सावरली. मग म्हणाले, "मग काय पायजे तुमाला? सांगा. मी आता मरायला टेकलोय."

"मला काय पायजे?" बाईंनी विचार केल्यासारखं केलं. "माझ्या बापाला उन्हात उभं केलतं. तुमाला मी उभं करत न्हाई. सावलीत हाव, खुर्चीत हाव. नुसतं बसा आन् ऐका."

आणि तेवढ्यात पाथरीकडच्या एका शाळेची पोरं रांगेनं आत आली. बाईंनी हकीकत सुरू केली. या वेळी त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडं बोट केलं नाही, खुर्चीकडं केलं. पोरं एकदा बाईंकडं बघत, एकदा म्हाताऱ्याकडं. त्याला स्वतःची खुर्ची हलवता येत नव्हती. माणूस अजून चहावरून आला नव्हता. मला ते बघवेना. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले, पण ऐकू तर येतच होतं.

पोरं गेल्यावर भाऊसाहेब मान खाली घालून बसले होते. माईक नव्हता, लोक नव्हते, तेव्हा ते बोलले. "लय सुंदर होता हो गोळा. एकदा घरात आला, मग परत द्यावा वाटला न्हाई."

बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. मला वाटलं आता काही तरी हलेल.

"आमालाबी सुंदरच दिसत होता," बाई म्हणाल्या. आणि डबा उघडून जेवायला बसल्या.

त्या संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, बाई, आता पुरे, म्हातारा उद्यापरवाचा सोबती आहे. त्या चालता चालता थांबल्या. "मंदाकिनी, तुझ्या बापाला कधी कोणी चोर म्हणलं का?" मी नाही म्हटलं. "मग तू गप बस." पुढे महिनाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एके दिवशी भाकरी आणि अंबाडीची भाजी घेऊन आल्या, जसं काही झालंच नव्हतं. माझा गुन्हा बहुधा लहान धरला असावा.

भाऊसाहेब गेले. शोकसभेला बाई गेल्या, पहिल्या रांगेत बसल्या, बोलल्या काही नाहीत. त्यांच्या नुसत्या बसण्यानंच वक्त्यांची भाषणं आखडली म्हणे. तेराव्यानंतर राजाभाऊ स्वतः गाडीत गोळा घालून बाईंच्या दारात आले. गादीत गुंडाळून आणला होता. मी तेव्हा बाईंकडंच बसले होते.

"बाई, हा घ्या. तुमचा तुमच्याकडं. आता वडील गेलेत, संपवा हे."

गादीचा कोपरा सरकून पितळेची कडी दिसत होती. बाई खाली वाकल्या. पदरानं तिच्यावरची धूळ पुसली. तळहात गोळ्यावर टेकवून तशाच राहिल्या. 

मग त्या सरळ झाल्या. "परत न्या."

"अहो, पण का?"

"इथं ठेवला की माझा झाला. तिथं हाय तवर चोरीचा हाय."

राजाभाऊंचा आवाज चढला. "मग शाळेला देऊन टाकतो!"

"द्या की. त्याच ओट्यावर ठेवा. मी तिथंबी येईन, गाडी जाते सेलूहून."

राजाभाऊ बराच वेळ गाडीत बसून होते. मग गोळा दालनात परत गेला.

मी पुढे लेकीकडं नाशिकला राहायला आले. निघायच्या आधी दालनात जाऊन बाईंचा निरोप घेतला, तीच शेवटची भेट. बाई वाळल्या होत्या, खोकला लागला होता, बोलताना मध्येच थांबून घोटभर पाणी प्यायच्या. पालमहून एसटी करून कुठल्याशा शाळेच्या मुली आल्या होत्या. दोन वेण्या, निळे फ्रॉक, पहिल्यांदाच परभणी बघायला आलेल्या. बाईंनी त्यांना विंचू दाखवला, राणी दाखवली, आणि मग ते सगळं सांगितलं. मी दाराशी उभी होते.

हकीकत संपली.  एका बारक्या मुलीनं हात वर केला, वर्गात करतात तसा.

"बाई, मग त्या चोराला शिक्षा झाली का?"

बाईंनी पाण्याची बाटली खाली ठेवली. तोंड पदरानं टिपलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतकं समाधान क्वचितच पाहिलं असेल.

"चालू हाय," त्या म्हणाल्या. "तुमी ऐकायल्यात ना?"